कक्कड सरांची सही

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१२ नोव्हेंबर १९९५

प्रिय सुधन्वा,

जुलैनंतरचं हे माझं चौथं पत्र. जर्मनीचं टपाल कसं वेळेवर पोचतं याचं कौतुक तूच मला ऐकवायचास, तेव्हा पत्रं मिळाली नाहीत ही सबब चालणार नाही. रागावला असशील तर रागावून लिही, चांगल्या चार शिव्या घाल. पण हे गप्प बसणं पुरे कर.

जुलैत मी असं लिहिलं तरी काय होतं? ‘तुझी रिअ‍ॅक्शन माझ्या हातून होत नाही.’ माझ्या हातून. पत्र जपून ठेवलं असशील तर काढून बघ. तुला खोटारडा कोण म्हणालं? तुझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या आणि आपला पत्रव्यवहार आटोपला.

इकडची हकीकत अशी की पाच वर्षांची मुदत उलटली म्हणून हॉस्टेल सोडावं लागलं आणि मी पद्माकरमामाकडे राहायला आले. सरकारी क्वार्टर तुला माहीतच आहे. दोन खोल्या, आणि मामानं प्लायवूड ठोकून बंद केलेली बाल्कनी. त्या बाल्कनीत माझी खाट आहे. तीन बाजूंना प्लायवूड आणि चौथ्या बाजूला मामीचं धुणं. इथं आडवी झाले की मला कोंडल्यासारखं होतं, आणि सकाळी लॅबमध्ये गेले की तिथंही तसंच होतं. बसमध्ये लोंबकळताना तेवढं जरा मोकळं वाटतं.

थीसिसची तीन प्रकरणं टाइप होऊन कपाटात पडली आहेत. चौथं प्रकरण म्हणजे तुझी रिअ‍ॅक्शन पुन्हा करून दाखवणं. कक्कड सरांचं पालुपद एकच: “बेटा, सुधन्वा वाला रिपीट कर लो, मैं उसी दिन साइन कर दूँगा.” त्यांच्या सहीशिवाय थीसिस विद्यापीठात जमा होत नाही. शिवी दिली असती तर मी उलटून बोलले असते. पण हा माणूस बेटा म्हणतो आणि चहा पाजतो.

परवा मामी मटार सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, “अगं अलका, नेमकं अडलंय काय ते एकदा मला समजेल असं सांग. तुझे मामा रोज विचारतात.”

मी म्हटलं, “मामी, दोन रेणू जोडायचे आहेत. लग्नच समजा. एरवी हे लग्न लावायला पॅलेडियम नावाचा धातू लागतो. फार महागडा भटजी. सुधन्वानं दाखवलं, की तेच लग्न लोखंडाचा साधा क्षार लावून देतो. पेपर छापून आला, सरांचं नाव झालं. आता एका कंपनीला ते हवंय. आणि सुधन्वा गेल्यापासून ते लग्न कुणाच्या हातून लागतच नाही.”

“अच्छा,” मामी म्हणाल्या. “म्हणजे त्यांचं लागल्याशिवाय तुमचं लागायचं नाही.”

हसू नकोस. हिंगोलीला साखरपुड्यात तूच बाबांना सांगितलं होतंस, की हिची डॉक्टरेट झाली की लगेच लग्न आणि लगेच व्हिसा. बाबा तेव्हापासून दर पत्रात केव्हा, केव्हा विचारतात. त्यांना काय सांगू?

तुझ्या पेपरात आहे तसंच सगळं करते आहे. दुसरं काही करायचास का? एखादी बारीकसारीक सवय, जी लिहायची राहून गेली असेल? कळव. हात जोडते.

तुझी
अलका


आर. के. पुरम
३ डिसेंबर १९९५

प्रिय सुधन्वा,

उत्तर नाही, तरी लिहिते. भिंतीशी बोलण्यापेक्षा हे बरं, कारण इथली भिंत प्लायवूडची आहे आणि पलीकडे मामा बातम्या ऐकत असतो.

गेल्या आठवड्यात सर मला त्यांच्या मारुतीतून गुडगावला घेऊन गेले. तू इथं होतास तेव्हा तिकडे काय होतं? मोहरीची शेतं. आता शेतं आहेतच, पण मधूनच एक काचेची इमारत उगवलेली असते, आणि रस्त्यावरच्या म्हशी तिच्या काचेत स्वतःला बघत उभ्या असतात. आत गेलं की गालिचा आणि गारवा. मागे जनरेटर धडधडत असतो, कारण वीज तिथंही जाते.

कंपनीचे सेठी म्हणून साहेब आहेत. केमिकल इंजिनिअर, माणूस हुशार वाटला. सरांनी तुझा पेपर त्यांच्यापुढे ठेवला आणि असं बोलले की जणू कालच लॅबमध्ये करून आले आहेत. सेठी माझ्याकडे वळले. “मॅडम, होली के बाद हम आपकी लैब में आएँगे. आपके हाथ से देखेंगे.”

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, “बिल्कुल, बिल्कुल. अलकनंदा के हाथ में जादू है.”

परतीच्या वाटेत मी म्हटलं, “सर, माझ्या हातून एकदाही झालेली नाही.”

“हो जाएगी बेटा. सुधन्वा से हुई थी ना?”

“तीन प्रकरणांवर जमा करू द्या ना सर. पुष्कळ झालं माझं.”

“जल्दी क्या है? शादी करनी है?” असं म्हणून ते हसले, आणि मग गंभीर होऊन म्हणाले, “देखो, कंपनी ने हाँ कर दी तो नई मशीन, नए स्टूडेंट, सब आएगा. तुम्हारे नाम से आएगा. बीच में छोड़ के जाओगी?”

घोडं इथं पेंड खातं आहे. सोडून जावं तर इतकी वर्षं पाण्यात, हिंगोलीला कोण कोण काय काय बोलेल ते मला आत्ताच ऐकू येतं. थांबावं तर कशासाठी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पूर्वी मला वाटायचं, हुशार माणसं अशी अडकत नाहीत. आपल्या मजल्यावर बघ, अडकलेली सगळी हुशारच आहेत.

या आठवड्यात पुन्हा तुझी रिअ‍ॅक्शन लावली. नव्या लॅबमध्ये सगळं नवं कोरं आहे. फ्लास्क, पंप, सगळं बाहेरून आलेलं. निळ्या दिव्याखाली काचेची पट्टी धरली, तर जे दोन ठिपके आत गेले तेच दोन बाहेर. लग्न लागलेल्या जोडप्याचा तिसरा ठिपका उमटायला तयार नाही. माझा हातच वाईट आहे असं मला आता खरंच वाटायला लागलं आहे. पूर्वी वाटत नव्हतं.

बाबांना लिहिलं की मार्चपर्यंत होईल. खोटं लिहिलं.

तुझी
अलका


आर. के. पुरम
१७ जानेवारी १९९६

प्रिय सुधन्वा,

तिळगूळ घे, गोड बोल. मी तर बोलणारच, कारण आज माझा सगळा राग पळाला आहे.

काल मामाकडे फोन आला. “मी श्यामकांत देवधर, मंत्रालयातून. जर्मनीच्या शिष्टमंडळात होतो. तुमची एक वस्तू आहे माझ्याकडे.” मी पडत्या फळाची आज्ञा मानून आज दुपारीच कोपर्निकस मार्गावर गेले. महाराष्ट्र सदनाच्या जेवणघरात ते भात कालवत बसले होते. मला बसवलं, जेवायला लावलं, आणि खिशातून फोटोच्या रोलची काळी डबी काढली.

“आम्ही तिकडे कारखाने आणायला गेलो होतो,” ते म्हणाले. “आणलं काय, तर ही डबी. विमानतळावर चौकशी झाली हो माझी! आत काय आहे ते तुमच्या ह्यांनी धड सांगितलंही नव्हतं.”

आत कापूस, आणि कापसात तुझी कांडी.

मी तिथं चारचौघांत रडले, सुधन्वा. देवधरांची पंचाईत झाली, त्यांनी माझ्या पानात श्रीखंड वाढायला सांगितलं. त्यांना कसं सांगणार की ही कांडी म्हणजे काय? बघणाऱ्याला ती कॅप्सूलएवढी चुंबकाची कांडी, फ्लास्कमध्ये टाकली की गरगर फिरून ढवळते. पण आपल्या जुन्या लॅबची रीत आठव. बाहेरून काही मागवायचं तर परवाने लागायचे, आणि सर प्रत्येकाला एकच कांडी द्यायचे: “खोई तो दूसरी नहीं मिलेगी.” आपण तिच्यावर सुईनं अक्षर कोरायचो आणि दात घासायच्या ब्रशासारखी जपायचो. कुणी कुणाची कांडी वापरत नसे, आणि मागत तर मुळीच नसे. माझी तर नवी लॅब उघडली त्या दिवशी सरांनी इतरांच्या कांड्यांबरोबर फेकून दिली. आता पाकिटंच्या पाकिटं येतात, पांढरीशुभ्र, जुनी झाली की टाका. तू मात्र तुझी बरोबर नेली होतीस.

आणि ती तू मला पाठवलीस. काळवंडली आहे, ओरखडे पडले आहेत, पण ‘सु’ अजून वाचता येतो. चिठ्ठीत दोनच शब्द: ‘ह्याने कर.’ एरवी मी चिडले असते, की सहा महिन्यांनी दोन शब्द? पण आज नाही चिडणार. मला कळलं तुला काय म्हणायचं आहे.

तुझीच
अलका


लॅब
२८ जानेवारी १९९६

सुधन्वा, झाली!

तिसरा ठिपका उमटला. दुपारी पट्टी दिव्याखाली धरली आणि मला वाटलं डोळ्यांना भास होतोय. अडुसष्ट टक्के जोडणी. तुझ्या पेपरात एकाहत्तर आहेत, ते तीन टक्के तुझ्या फुशारकीचे समजते.

माझा हात वाईट नाही. मी हे मोठ्यानं म्हटलं आणि शेजारच्या टेबलावरची मुलं बघायला लागली.

सरांना अजून सांगितलं नाही. आणखी एकदा करते, मग सांगते. तुझी कांडी शुभशकुनाची निघाली!

अलका


आर. के. पुरम
११ फेब्रुवारी १९९६

सुधन्वा,

त्या पत्रानंतर मी दुसरी फ्लास्क लावली. तुझी कांडी धुवून वाळत पडली होती म्हणून पाकिटातली नवी घेतली. बाकी सगळं तेच. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तुझी कांडी घातली, झाली. पुन्हा नवी घातली, नाही झाली.

शकुनावर माझा विश्वास नाही. असता तर मी केमिस्ट्री कशाला केली असती?

नव्या मुलांना आपण दोघं काय शिकवायचो? कोण काम करतंय ते बघायचं असेल तर एकेकाला बाहेर काढा. म्हणून मी लोखंडाला बाहेर काढलं. क्षाराचा एक कणही न घालता, नुसती तुझी कांडी टाकून रिअ‍ॅक्शन लावली. तिसरा ठिपका उमटला. पहिल्याहून ठळक.

लोखंड नुसतं वऱ्हाडी होतं. भटजी कांडीत दडून बसला होता.

मग सगळं आठवलं. लोखंडावर यायच्या आधी वर्षभर तू पॅलेडियमवरच काम करत होतास, याच कांडीनं. भांडं कितीही घासलं तरी कडेला कालचं दही राहतं, आणि त्यावर दूध ओतलं की सकाळी विरजलेलं असतं. तसं पॅलेडियम तुझ्या कांडीच्या ओरखड्यांत बसून राहिलं. कांडी फेकून देण्याची चैन आपल्याला असती तर तुझी रिअ‍ॅक्शन झालीच नसती. आणि ती चैन आली म्हणून माझी होत नव्हती.

इथपर्यंत कुणाचा दोष नाही. अशी चूक त्या दिवसांत आपल्यासारख्यांच्याच हातून व्हायची. मी दोन दिवस स्वतःला समजावलं, की तुला कुठे ठाऊक होतं. प्रेमानं पाठवलीस तू. पण ज्याला ठाऊक नसतं तो माणूस पद्धत लिहून पाठवतो, कांडी पाठवत नाही. मी सदनात ज्यावर रडले ते प्रेमपत्र नव्हतं, सुधन्वा. ती औषधाची गोळी होती, आणि रोग कुठला ते वैद्याला आधीपासून माहीत होतं.

आता माझी अवस्था ऐक. होळीनंतर सेठी येणार. तुझी कांडी फ्लास्कमध्ये टाकायची आणि बटण दाबायचं. मला तोंडानं खोटं बोलायचीही गरज नाही. साहेब खूश, सर खूश, सही तयार. आणि मला तसं करावंसं वाटतंय. दिवसभर तेच मनात घोळतं. मला या बाल्कनीतून बाहेर पडायचं आहे. मग पुढचं दिसतं. ती मंडळी एवढाल्या टाकीत लोखंड ओतून बसतील, काही होणार नाही, आणि विचारतील की कुणाच्या हातची जादू होती ही? माझं नाव घेतील. या पिंजऱ्यातून त्या पिंजऱ्यात.

एकच विचारते. तुला केव्हा कळलं?

अलका


आर. के. पुरम
२७ फेब्रुवारी १९९६

सुधन्वा,

काल तू फोन केलास. अडीच वर्षांत पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला, तोही मामीच्या शेजारी उभं राहून. जर्मनीचा फोन म्हटल्यावर त्या पदराला हात पुसत जवळच थांबल्या होत्या. त्यामुळे मी फक्त ‘हो’, ‘नाही’, ‘केव्हा’, ‘बरं’ म्हणत राहिले. तुला वाटलं असेल मी मान्य केलं. फोन ठेवल्यावर मामी म्हणाल्या, “किती लाजतेस गं!”

जे तेव्हा बोलता आलं नाही ते आता लिहिते.

तू म्हणालास, “इथं आलो, नव्या कांडीनं करून बघितलं, नाही झालं. जुनीनं झालं. तेव्हा कळलं.” मी विचारलं, “केव्हा?” तू म्हणालास, “पहिल्याच हिवाळ्यात.”

पहिल्याच हिवाळ्यात! म्हणजे सरांनी हे काम माझ्या गळ्यात बांधलं त्याच्याही आधी. मी वर्षभर त्या फ्लास्कपाशी उभी होते, माझा हात वाईट, माझं डोकं वाईट असं म्हणत. तू एक ओळ लिहिली असतीस, ‘अलका, थांब, ते होणार नाही,’ तर मी थांबले असते. हॉस्टेल सुटलं, प्लायवूडमध्ये आले, बाबांशी खोटं बोलले, आणि तुझ्या टेबलाच्या खणात ती डबी होती.

तू म्हणालास, “मला इथं नोकरी पक्की व्हायची होती. सगळं त्या पेपरवर होतं. तू समजून घेशील असं वाटलं.” आणि मग म्हणालास, “यार अलका, त्या एका दिवसापुरती वापर. डिग्री घे आणि ये इकडे. सगळे असंच करतात. पुढचं सर बघतील.”

मी ‘बरं’ म्हणाले. कारण मामी कान देऊन उभ्या होत्या आणि कारण तुझा आवाज मला अजून आवडतो. हे लिहायची लाज वाटते, पण आवडतो.

मी काय करणार आहे ते तुला कळवत नाही. कळवलं तर तू पुन्हा फोन करशील, आणि मी पुन्हा ‘बरं’ म्हणेन.

अलका


आर. के. पुरम
१७ मार्च १९९६

सुधन्वा,

शुक्रवारी सेठी आले, बरोबर एक मदतनीस घेऊन. सरांनी कोट घातला होता, समोसे मागवले होते. मी दोन फ्लास्क मांडून ठेवल्या होत्या.

सर कुजबुजले, “दो क्यों?”

मी म्हटलं, “सर, तुलना के लिए.” त्यांना ते आवडलं.

पहिलीत सगळं तुझ्या पेपरातल्यासारखं, लोखंडासकट, आणि पाकिटातली नवी पांढरी कांडी. दुसरीत लोखंड नाही, फक्त तुझी कांडी. काय कशात आहे ते मी दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं आणि झाकून ठेवलं. बटणं दाबली. मंडळी जेवायला गेली. मी तिथंच बसले.  मध्ये एकदा हातही पुढे गेला होता, कांड्यांची अदलाबदल करायला. अजून वेळ होता, कुणाला कळलं नसतं. मग तो हात मी स्वेटरच्या खिशात घातला.

ते परतल्यावर पट्ट्या दिव्याखाली धरल्या. पहिलीवर दोन ठिपके, दुसरीवर तीन. सर हर्षभरित झाले. “देखिए सेठी साहब! दूसरी वाली!” मी कागद उघडले. सेठी वाचायला वाकले. “लेकिन इसमें तो आयरन है ही नहीं.”

“नाही,” मी चक्क मराठीत बोलून गेले, मग हिंदीत सांगितलं. जुनं पॅलेडियम कांडीच्या ओरखड्यांत आहे, काम तेच करतं, लोखंड काही करत नाही, पेपर चुकीचा आहे.

  सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस मला या इमारतीत पाय ठेवू देणार नाही.

मग सर म्हणाले, “सेठी साहब, यही तो मैं आपको दिखाना चाहता था.”

देवाशपथ, सुधन्वा. असंच म्हणाले. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. “आयरन-वायरन छोड़िए. ये देखिए कि कितना कम पॅलेडियम चाहिए! आँख से दिखता तक नहीं!” मी आ वासून बघत राहिले. आणि सेठींना ते पटलं, कारण ते खरंच आहे. इतक्या कमी पॅलेडियमवर चालत असेल तर त्यांना लोखंडाची गरजच काय? त्यांनी कांडी चिमट्यात धरून उजेडात फिरवून फिरवून बघितली.

“यही तो अलकनंदा का असली काम है,” सर रंगात आले होते. “दो साल में ये लड़की आपको पूरा प्रोसेस बना के देगी.”

दो साल. मी खरं बोलले आणि माझी शिक्षा दोन वर्षांनी वाढली. डोळ्यांपुढे बाल्कनी आली, मामीचं धुणं आलं. आणि मी बोलले. कसं बोलले मला ठाऊक नाही.

“सर, मेरी थीसिस तैयार है. सिर्फ आपके साइन बाकी हैं.”

सेठी चकित झाले. “अरे, मॅडम अभी तक डॉक्टर नहीं हुईं? हम तो रिपोर्ट में डॉक्टर लिखने वाले थे.”

“फॉर्मैलिटी है,” सर म्हणाले. “हो जाएगी.”

मी कपाट उघडलं आणि चारही प्रकरणांची थीसिस आणून समोशांच्या ताटलीशेजारी ठेवली. सरांनी पानं चाळली. “चौथा चैप्टर?”

“वही है सर, जो आपने अभी दिखाया.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  त्यांना कळलं होतं की मला कळलं आहे, आणि पाहुणे उभे होते. खिशातून पेन काढताना ते हळूच म्हणाले, “सुधन्वा का नाम मत डालना.”

“पेपर पर तो है ही, सर.”

त्यांनी सही केली. शाई वाळेपर्यंत मी पान हातात धरून उभी राहिले.

चूक कुणाची ते मी थीसिसमध्ये लिहिलेलं नाही. कांडी कुणाची होती ते लिहिलं आहे. तुझ्या तिथल्या लोकांना माझ्या थीसिसमधून कळण्याआधी तू स्वतः सांगितलंस तर तुझ्या बाजूनं बोलायला जागा राहील. मी तुझ्या जागी असते तर आज सांगितलं असतं.

अलकनंदा


आर. के. पुरम
२९ सप्टेंबर १९९६

सुधन्वा,

गुरुवारी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळा वेळ चौथ्या प्रकरणावरच घालवला. शेवटी हात मिळवला आणि म्हणाले, लोखंड वगळून नुसती कांडी घालून बघायचं आम्हाला सुचलं नसतं. सर शेजारी बसून असे माना डोलावत होते की जणू त्यांनीच सुचवलं. मामींनी सगळ्या ब्लॉकमध्ये पेढे वाटले. मामा मला ‘डॉक्टरसाहेब, चहा’ म्हणून हाक मारतो, आणि चहा मात्र मलाच करायला लावतो.

गुडगावची नोकरी देऊ करताहेत. घेईन की नाही ठरलेलं नाही. सरांनी सांगितलेली ती दोन वर्षं मी पत्करली नाहीत एवढं नक्की.

तुझी पत्रं मिळाली, पाचही. आता भराभर लिहितोस. व्हिसाचे कागद पाठवलेस, तेही मिळाले. ते मी भरलेले नाहीत.

तुझ्या हातून चूक झाली म्हणून नव्हे, ती माझ्याही हातून झाली असती. तू भित्रा निघालास म्हणूनही नव्हे. भीती मला कमी वाटली होती का? पण मी कोंडलेली होते, दार कुठे आहे ते तुला दिसत होतं, आणि तू बघत राहिलास. दारापलीकडे उभ्या असलेल्या माणसाबरोबर मला संसार करता येणार नाही. मी पुष्कळ रडले आणि मग हे ठरवलं, म्हणून आता मला समजवायला फोन करू नकोस.

काल बाबांना फोनवर सांगितलं.  ते म्हणाले, “डॉक्टर झालीस ना? मग आता ये चार दिवस घरी.” बाकी काही विचारलं नाही.

तुझ्या आईंना मी काही कळवलेलं नाही. त्या अजून मुहूर्त बघताहेत असं मामीकडून कळलं. त्यांना तू सांग. तेवढं तरी वेळेवर सांग.

अलकनंदा